उताराचा हिशेब

पुण्याचा नवा कात्रज बोगदा मागे पडला, की मुंबई-बंगळुरू महामार्ग नऱ्ह्याच्या दिशेने खाली उतरू लागतो. मोटारीतून जाणाऱ्याला तो उतार फारसा जाणवत नाही. पण अंगावर पंचवीस-तीस टन माल असलेल्या ट्रकला हाच रस्ता नवले पुलापर्यंत सतत खाली ओढत असतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एक ट्रक इथे डझनावारी गाड्यांना ठोकरत गेला. ड्रायव्हरने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला याच पट्ट्यात एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली. धडक झाली, आग लागली, आठ माणसं गेली. त्यांत त्या कंटेनरचा ड्रायव्हर आणि क्लीनरही होते.

अशा प्रत्येक अपघातानंतर वेगमर्यादा खाली येते, कॅमेरे वाढतात, गतिरोधक पट्ट्या बसतात. ते सगळं हवंच आहे. पण भरलेल्या गाडीचं इंजिन उतारावर बंद करायला माणूस तयार होतो तरी कसा, हे कुणी फारसं विचारत नाही. त्यात मरण आहे हे त्याला ठाऊक नसतं, असं समजू नका. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद केलं, की टाकीत असेल तेवढीच हवा. चार-सहा वेळा पाय दाबला की काटा खाली येतो. पॉवर स्टिअरिंग जड होतं. नुसतं न्यूट्रल केलं आणि इंजिन चालू ठेवलं, तरी गिअरमधून मिळणारी इंजिनाची पकड गेलेलीच असते. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. घाटात जळक्या लायनरचा वास नाकात गेलेला प्रत्येक ड्रायव्हर हे जाणतो.

तरीही तो न्यूट्रल करतो, कारण त्याच्या पगाराचा एक तुकडा डिझेलच्या टाकीत असतो. बऱ्याच मालकांकडे पद्धत अशी, की गाडीचं ॲव्हरेज ठरलेलं. समजा लिटरला चार किलोमीटर. बाराशे किलोमीटरची खेप, म्हणजे तीनशे लिटर डिझेल. त्यातलं पंधरा लिटर वाचलं तर ते ड्रायव्हरचं, वर लागलं तर हिशेबातून कापणार. डिझेल नव्वदीच्या घरात धरलं तर पंधरा लिटरचे साडेतेराशे रुपये होतात. घरी महिन्याला बारा-पंधरा हजार धाडणाऱ्या माणसाला ही रक्कम सोडून देता येत नाही. असा उतार दिसला, की हात आपोआप गिअरकडे जातो. ही सवय त्याला ॲव्हरेजच्या हिशेबानेच लावलेली आहे, आणि तो हिशेब लिहिणारा माणूस अपघाताच्या जागी कधीच नसतो.

गेले काही महिने कळंबोलीचा लोखंड बाजार, उरणचा रस्ता, भिवंडीची गोदामं आणि घाटाखालचे ढाबे इथे ड्रायव्हरांशी बोलताना हेच पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. किती माल भरायचा, कधी निघायचं, कधी पोचायचं, किती डिझेल जाळायचं, हे सगळं ठरवणारे लोक वेगळे. कायद्याच्या हाती मात्र एकटा ड्रायव्हर सापडतो, कारण रस्त्यावर उभा असलेला तोच असतो.

कामाच्या तासांचा कायदा भारतात नवा नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने दहा आणि चोपन्न. सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ याच तासांकडे बोट दाखवतं. कागद चोख होता. पण १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता, आणि आपल्याकडचे बहुतांश ट्रक एक, दोन, फार तर चार-पाच गाड्यांच्या मालकांचे. कित्येकदा मालक स्वतःच एक गाडी चालवतो, दुसरी भाच्याकडे आणि तिसरीवर पगारी माणूस. अशा ठिकाणी हजेरीपुस्तक कुठलं आणि ओव्हरटाइम कुठला!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या. १९६१ चा कायदा त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेत विलीन झाला. दिवसाचे आठ तास कायम राहिले, पण मोटार वाहतूक व्यवसायासाठी कामगारांचा उंबरठा पाचावरून दहावर गेला. पाचाच्या उंबरठ्यानेच पुष्कळ ड्रायव्हर बाहेर राहत होते. आता त्यांत आणखी भर पडली. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते आणि तिच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही, याचं वाईटही वाटतं.

दुसरा बदल त्याहून शांतपणे झाला. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असले पाहिजेत, असा केंद्रीय नियम होता. पाळला जात नव्हता हे खरं, पण होता. २०१८ मध्ये ती सक्ती काढून टाकली. उरला क्लीनर. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी ई-चलनांच्या विरोधात संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत जड वाहनांवरच्या क्लीनरची सक्ती रद्द करा, हीही एक होती. पोरं मिळत नाहीत, पगार परवडत नाही, हे मालकांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. तरी ही मागणी मला पटत नाही. क्लीनर म्हणजे डाव्या बाजूचा डोळा. रात्री दोन वाजता उस्तादला डुलकी येतेय हे ओळखून चहासाठी गाडी बाजूला घ्यायला लावणारा तो एकच माणूस. शिवाय आजवरचे बहुतेक ड्रायव्हर क्लीनरचेच ड्रायव्हर झाले. ती पायरी काढून टाकली तर पुढचा ड्रायव्हर शिकणार कुठे?

युरोपात दिवसाला साधारण नऊ तास आणि सलग साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबणं सक्तीचं आहे; गाडीतलं टॅकोग्राफ यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्याकडेही नितीन गडकरींनी २०२१ मध्ये वैमानिकांसारखे ट्रकचालकांचे तास ठरवावेत आणि झोप ओळखणारी यंत्रं बसवावीत, असं म्हटलं होतं. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतल्या ड्रायव्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे निम्म्या ड्रायव्हरांनी थकवा किंवा झोप आली तरी गाडी चालवतो, असं सांगितलं. आणि ८४ टक्क्यांनी आपल्या घरच्या कुणाला या धंद्यात यायचा सल्ला देणार नाही, असं सांगितलं. ड्रायव्हरांचा तुटवडा आहे म्हणून गाड्या उभ्या राहतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

तासांचा प्रश्न नुसता चालवण्याचा नाही. जास्त तास थांबण्यात जातात. मालकाच्या हिशेबी खेप सुरू होते ती चाक फिरल्यावर. ड्रायव्हरच्या आयुष्यात ती सुरू होते कारखान्याच्या फाटकावर. तिथे लायसन जमा करायचं, काही ठिकाणी मोबाइलही. रांगेत गाडी लावायची. आत डॉक रिकामा नाही. संडास आतल्या लोकांसाठी. दुपारी चारला माल भरून मिळेल म्हणतात आणि रात्री अकराला बिल्टी हातात पडते. त्याच क्षणी फोन वाजतो: निघालास का? सकाळी पोचायचंय. म्हणजे दिवसभर जागा असलेला माणूस झोपायच्या वेळी स्टिअरिंगवर बसतो. हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचा मोबदला, करारात लिहिलेलं असतं, पण ते कंपनी आणि ट्रान्सपोर्टवाला यांच्यात. ड्रायव्हरच्या हाती त्यातलं क्वचितच काही येतं.

न्हावा-शेव्यात हे सगळं मोठ्या प्रमाणावर दिसतं. देशातल्या कंटेनर व्यापाराचा फार मोठा वाटा या बंदरातून जातो. नाशिकची द्राक्षं, पुण्याचे सुटे भाग, भिवंडीचं कापड, सगळ्यांचे ट्रेलर इथे येतात. बंदरात शिरायचा फॉर्म १३ आला नाही, सील जुळलं नाही, जहाजाची वेळ सरकली, की ट्रेलर उभा. पूर्वी तो उरणच्या रस्त्याच्या कडेलाच उभा राहायचा. आता बंदराने सुमारे दीड हजार ट्रेलर मावतील एवढा मोठा पार्किंग तळ केला आहे. तिथे गाडीला जागा, कागदाला खिडकी आणि माणसाला न्हाणीघर आहे. कडेच्या अंधारात उभं राहण्यापेक्षा हे किती वेगळं आहे, हे तिथे रात्र काढलेल्यांना विचारा. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. मुंबई-पुण्याच्या वेशीवर नो-एंट्री सुटायची वाट बघत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी मात्र असं काही नाही.

अशाच एका थांब्यावर एका दहा टायरी गाडीच्या केबिनमध्ये मी चढून पाहिलं. मार्च संपत आला होता. सीटमागे जेमतेम दोन फूट रुंद फळी, तीवर गोधडी. पायाशी पाण्याचा कॅन, छोटा गॅस, कांदे-बटाट्यांची पिशवी. डॅशबोर्डवर खंडोबा आणि मुलीचा शाळेतला फोटो. काचेच्या वरच्या फळीत प्लास्टिकच्या फाइलमध्ये आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, बिल्टी, ई-वे बिलाची छापील प्रत. इंजिन बंद करून तास झाला होता, तरी मधल्या झाकणावर हात ठेववत नव्हता. याच झाकणाला मांडी टेकवून माणूस दहा-बारा तास बसतो आणि रात्री त्याच्याच शेजारी झोपतो. आडव्या फळीवर पडलं की गुडघे सरळ होत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. कित्येक वर्षं रखडलेला चांगला निर्णय. फक्त तो नव्या गाड्यांना लागू आहे, आणि आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या पंधरा-पंधरा वर्षं धावतात.

पेट्रोल पंपांवरची ‘अपना घर’ विश्रामगृहं आता देशभरात साडेतीनशेहून अधिक आहेत. पलंग, अंघोळ, स्वयंपाकाची सोय. पण ड्रायव्हर गाडी सोडून पलंगावर झोपत नाही. टाकीतलं डिझेल चोरीला गेलं, ताडपत्री फाडून माल काढला, स्टेपनी नेली, तर भरपाई त्याच्याच हिशेबात. राखण करणारा कुणी असल्याशिवाय पलंगाचा उपयोग नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण दंडाची सगळ्यात मोठी भाषा तिथे आहे. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची मान्य वजनमर्यादा वाढवली. तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. एका वर्षाने मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत जादा वजनाचा दंड २० हजार रुपये अधिक दर जादा टनाला २ हजार असा झाला. त्याच्या आधी, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात राज्यांनी चालवलेली ‘गोल्डन पास’ पद्धत मोडून काढली होती. पैसे भरा आणि जादा माल घेऊन पुढे जा, हे चालणार नाही. जादा माल तिथेच उतरवला पाहिजे, असं सांगितलं. कायद्यातही तसंच आहे. गाडी चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाराही दोषी आहे आणि ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. एवढी सोय असूनही वजनकाट्यावर उभा राहतो तो ड्रायव्हर. पोती मोजणारा कारखाना, वाळू भरणारा पोकलेनवाला, ऊस मागवणारा साखर कारखाना हे क्वचितच कागदावर येतात. माल उतरवायचा म्हटलं तर उतरवणार कुठे आणि हमाली देणार कोण? म्हणून मग ‘एंट्री’, म्हणजे रस्त्यावर द्यायची लाच. सेव्हलाइफच्याच अभ्यासाने ट्रकवाल्यांकडून रस्त्यावर वर्षाला उकळल्या जाणाऱ्या लाचेचा अंदाज सुमारे ४८ हजार कोटी रुपये काढला होता. जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके गेले, २०२५ मध्ये महाराष्ट्राने आरटीओचे सीमा तपासणी नाके बंद करण्याची घोषणा केली. नाके गेले, तरी एंट्री नाक्यावर अवलंबून नसते.

रस्त्यात थांबवण्याची ही पद्धत जीवघेणी कशी ठरते, हे १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ दिसलं. मध्यरात्री एका ट्रकला आरटीओच्या पथकाने महामार्गावरच थांबवलं. मागून येणारी भाविकांची छोटी बस त्यावर आदळली. बारा माणसं गेली. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मंडळी होती ती. दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना अटक झाली. वेगवान महामार्गावर अंधारात सरकारी माणसाने हात दाखवला तर ड्रायव्हरने काय करावं? थांबला तर हे, आणि न थांबला तर पळून गेला म्हणून वेगळा गुन्हा.

पळून जाण्याच्या शिक्षेवरूनच १ जानेवारी २०२४ ला ड्रायव्हरांनी संप केला आणि देशभर गाड्या उभ्या राहिल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघेनात आणि राज्यातल्या पंपांवर दुचाकींच्या रांगा लागल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात मृत्यू झाल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये कमाल दोन वर्षं होती. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करून हे कलम लागू करण्यापूर्वी बोलणी करू, असं आश्वासन दिलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं.

रस्त्यावर मरून पडलेल्याला तसंच सोडून जाणं अक्षम्य आहे. ज्यांचं माणूस असं गेलं, त्यांच्यापुढे दुसरं काही बोलायची माझी हिंमत नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ बघा. जखमीला मदत मिळवून देणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य सांगताना, जमावाच्या संतापामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर सूट दिली आहे. जमाव काय करतो, हे संसदेला १९८८ मध्येच ठाऊक होतं. चूक कुणाचीही असो, मार मोठ्या गाडीवाल्याला. ट्रक पेटवतात, ड्रायव्हरला खेचून काढतात. म्हणून बहुतेक जुने ड्रायव्हर नव्यांना सांगतात, आधी जवळचं पोलीस ठाणं गाठ. हा सल्ला कायद्याशी सुसंगत आहे. प्रश्न असा, की परमुलखात, रात्री, भाषा येत नसताना पुढचं ठाणं कुठे आहे हे त्याला कोण सांगणार? बाजूला ठेवलेलं ते उपकलम लागू करायचं असेल तर फोन करून जागेचा ठावठिकाणा कळवला तरी ती खबर मानली जाईल, आणि ठाण्यात आलेल्या ड्रायव्हरला संरक्षण मिळेल, हे नियमांत स्पष्ट लिहून मग करावं.

डोळ्यांबद्दलही थोडं सांगायला हवं. साइटसेव्हर्स या संस्थेने २०१७ पासून ‘राही’ नावाने ट्रकचालकांची नेत्रतपासणी सुरू केली, महामार्गाच्या कडेलाच, चष्मा तिथेच किंवा पुढच्या शहरात हाती पडेल अशी. अशा शिबिरांत चष्मा लागतो हे पहिल्यांदाच कळलेली माणसं भेटतात. पंचवीस वर्षं गाडी चालवून झाल्यावर! परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. तो अनेकदा कागदापुरताच असतो.

या सगळ्यात मला सतत आठवतात ते माथाडी. ट्रकमध्ये पोतं चढवणारा आणि उतरवणारा हमाल महाराष्ट्रात १९६९ पासून कायद्याच्या छत्राखाली आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतल्या माथाड्यांना एकत्र केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि राज्याने माथाडी कायदा केला. त्यातली कल्पना अगदी साधी. हमालाचा एक मालक नसतो. आज या पेढीवर, उद्या त्या. मग ज्याचा माल हलतो त्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, आणि मंडळ हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी देणार. त्याच पोत्याच्या खालचा ट्रक नाशिकहून वाशीला आणणाऱ्या माणसाला मात्र यातलं काहीच नाही. उलट कित्येकदा वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे, पैसे त्याच्याच खिशातून जातात आणि ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा तिथूनच आली. राज्याने रिक्षा आणि मीटर टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ मंजूर केलं, चांगलं केलं. ट्रकचा ड्रायव्हर त्यातही नाही. कदाचित तो आपल्या दारात मतं मागायला सापडत नाही म्हणून. निवडणुकीच्या दिवशी तो बहुधा दुसऱ्या राज्यात असतो.

तास मोजता येत नाहीत, हे कारण आता कुणी सांगू नये. फास्टॅगमुळे गाडी कुठल्या टोलवरून किती वाजता गेली, हे सेकंदापर्यंत नोंदलं जातं. ई-वे बिलात माल पाठवणाऱ्याचं नाव, माल घेणाऱ्याचं नाव, वजनाचा अंदाज येईल एवढा तपशील आणि वैधता असते. २०२१ पासून ती दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत जागा दाखवणारं यंत्र असतं. म्हणजे नागपूरहून निघालेला ट्रक चौदा तास न थांबता चालला, हे राज्याला त्याच रात्री कळू शकतं. आज या नोंदी टोल, कर आणि दंड वसूल करण्यासाठी वापरल्या जातात. त्याच नोंदी अपघाताच्या तपासात पहिल्या दिवशी मागवल्या, तर मागचे अठ्ठेचाळीस तास ड्रायव्हर किती चालला आणि फाटकावर किती थांबला, हे पुराव्यानिशी पुढे येईल. मग मालक आणि माल पाठवणारा यांनाही चौकशीला बोलावता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि ड्रायव्हरांसाठी माथाड्यांसारख्या मंडळाचं म्हणाल, तर प्रत्येक ई-वे बिलावर माल पाठवणाऱ्याकडून लहानशी लेव्ही घेऊन ड्रायव्हरच्या नावावर भविष्य निर्वाह निधी, विमा आणि थांबल्याच्या तासांची मजुरी जमा करता येईल. एक गाडी असलेल्या मालकाकडचा ड्रायव्हरही त्यात येईल, कारण मोजायचा तो माल, मालकाकडची माणसं नव्हे. सुरुवात एका ठिकाणाहून करता येण्याजोगी आहे: वाशीचा बाजार. तिथे माथाडी मंडळाची व्यवस्था आणि लेव्ही भरायची सवय असलेले व्यापारी आधीपासून आहेत, आणि रोज पहाटे येणाऱ्या गाड्यांची नोंद बाजार समितीच्या फाटकावर होतच असते.